मधाची गाठी

टपरीवर बिनसाखरेचा चहा आला की बसवंतअप्पा खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढतात आणि पेल्यात चमचाभर ओततात. नवखा माणूस हळहळतो, "फार दिवसांचा खोकला दिसतोय?"

अप्पा फुलतात. "मध हाय, मध! साखर म्हणजे नुसता आरडाओरडा हो. चव न्हाई!"

लातुरात आमची दोघांची भिंत एक. अप्पा दालमिलमधून निवृत्त झाले, एकुलती लेक चाकूरला नांदते आणि रिकाम्या घरातला गॅस दिवसभर पेटलेला. मधाच्या पुरणपोळीत पुरण आधी तव्यावर पोचलं, पोळी मागून आली. मधाचा केक वरून कोळसा, आतून चिखल. तो घेऊन हे आमच्या दारात उभे, "मास्तर, रंग बघा रंग!" मी रंग बघतो. खायला बायकोला पुढं करतो.

यंदा होळीला तर कहर केला. आमच्याकडं होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या पदकांची माळ घालतात, तिला गाठी म्हणतात. आजोळची गाठी आली नाही की गल्लीतल्या पोरांत लेकरू हिरमुसतं. चार वर्षांच्या नातीसाठी अप्पांनी मध आटवून गाठी पाडली. सकाळी काचेसारखी कडक, काय देखणी! साक्षीदार म्हणून मला एसटीत बसवलं.

ऊन चढलं. मांडीवरच्या डब्यात पदकं एकमेकांच्या गळ्यात पडू लागली. चाकूरला उतरून झाकण उघडलं, तर एक दोरा आणि त्याला चिकटलेला गोळा.

"आता?" मी विचारलं.

अप्पांनी डब्याचं झाकण लावलं. "पोरगी सकाळपासून दारात उभी आसंल, मास्तर." एवढं बोलून समोरच्या दुकानात शिरले. "साखरेची गाठी द्या. सगळ्यात मोठी."

त्या तोंडून हे शब्द ऐकून मी खांबाला टेकलो.

नात खरंच दारात होती. गाठी तिच्या पोटापर्यंत आली. गल्लीभर मिरवून झाल्यावर तिनं एक पदक मोडलं आणि अप्पांसमोर धरलं. "आज्जा, आ कर."

"अगं, आज्जा साखर खात न्हाईत..." लेक घाईनं म्हणाली.

अप्पांनी हातानंच तिला गप्प केलं, गुडघ्यांवर बसले आणि आ केला. कुडुम कुडुम आवाज आला.

"गोड हाय का?" नातीनं विचारलं.

"लई," अप्पा म्हणाले आणि पुन्हा आ केला.