मागच्या सीटवरचा भार

विषय : दोन आसनी प्रशिक्षण ग्लायडर क्र. ३ अद्याप खाली न आल्याने त्यातील प्रशिक्षक श्री. र. ब. दाभाडे यांची सेवानिवृत्ती व विद्यार्थिनी कु. शलाका निमसे यांचे एकल उड्डाण.
संदर्भ : गेल्या अकरा वर्षांचा पत्रव्यवहार.

उपरोक्त विषयाची फाईल खडकमाळ ग्लायडिंग केंद्रात वरिष्ठ लिपिक श्रीरंग टेंभुर्णीकर यांच्या टेबलावर होती. फाईल जाड असली तरी प्रकरण साधे होते. ग्लायडर क्र. ३ अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता धड्यासाठी वर गेले आणि उतरले नाही.

यात कोणाचा दोष नव्हता. हे ग्लायडर शांत हवेत सेकंदाला एक मीटर खाली येते, असे पुस्तिकेत छापलेले होते. खडकमाळच्या कड्यावर आपटून वारा सेकंदाला एक मीटर वर जातो, हे हवामानाच्या तक्त्यात होते. इंजिनाचे विमान पेट्रोल संपले की उतरते. ग्लायडरला इंजिनच नसल्याने संपण्यासारखे काही नव्हते. दाभाड्यांनी पहिल्याच संध्याकाळी पंखांवरचे ब्रेक उघडून पाहिले, तेव्हा वाराही तेवढाच वाढला. सहसंचालकांनी प्रकरण तपासून शेरा मारला होता, 'गणित बरोबर आहे. हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही.'

ग्लायडर दर दोन मिनिटांनी कार्यालयाच्या गच्चीवरून जाई. टेंभुर्णीकर दोन बांबू जोडून त्यांच्या टोकाच्या आकड्याला डबा अडकवत, मस्टर अडकवत, थंडीत मफलर अडकवत. वर आवाज नसल्याने बोलणे स्वच्छ ऐकू येई. वाक्य अर्धे राहिले तर पुढच्या फेरीत पुरे होई. टेंभुर्णीकरांच्या मते कार्यालयातल्या इतर कोणाशी बोलण्यापेक्षा हे सोयीचे होते.

ग्लायडर जुन्या पद्धतीचे होते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, लाकडी पंख. पुढे विद्यार्थी, मागे प्रशिक्षक. दोघांपुढे एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले, म्हणजे एक हलला की दुसरा हलणारच. पंख मुळापासून जरा पुढे झुकवलेले होते, त्यामुळे मागची सीट नेमकी तोलाच्या जागी येत असे. मागे माणूस असला काय आणि नसला काय, तोल बदलत नसे. आखणी करणाऱ्याचा हेतू उघड होता. एक दिवस प्रशिक्षकाने उतरून जावे आणि विद्यार्थ्याला ते फक्त शांततेवरून कळावे.

अडचण मे महिन्यात आली. एकतीस तारखेला सायंकाळी पाच पंचेचाळीसला दाभाडे अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होते. केंद्राच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षक नसलेल्या विद्यार्थ्याचे नाव तीस दिवसांनी पटावरून कमी होते आणि त्याला पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. शलाका एकोणीस वर्षांची असताना वर गेली होती, आता तीस वर्षांची होती, आणि तिचे चार हजारांवर धडे झाले होते. एकल उड्डाणाचा दाखला मिळाला तरच ती विद्यार्थी राहत नव्हती. एकल उड्डाणासाठी मागची सीट मोकळी हवी होती. दुसरा प्रशिक्षक नेमण्यास संचालनालयाची हरकत नव्हती, पण त्याला बसायला जागा नव्हती.

"काका, माझं नाव जाणार का?" शलाकाने गच्चीवरून जाताना विचारले.

टेंभुर्णीकर दोन मिनिटे थांबले. ग्लायडर फिरून आल्यावर म्हणाले, "बघतो."

"बघतो म्हणजे सरकारी की खरं?" ती ओरडली आणि निघून गेली.

पुढच्या फेरीत मागच्या सीटवरून दाभाडे म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगी तयार आहे हो. गेली सहा वर्षं मी नुसता हात टेकवून बसलोय. आणि आमटीत..."

"मीठ नव्हतं, माहितेय," टेंभुर्णीकर म्हणाले, पण ते पुढच्या फेरीत.

त्यांनी ही बाब केंद्रप्रमुख अंबुलगेकर बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा पुसला.

"पाच पंचेचाळीसनंतर दाभाडे कोण?"

"खासगी इसम."

"मग मागची सीट मोकळीच धरा की."

"विद्यार्थ्याने खासगी इसमाला बरोबर न्यायचं नाही, बाई. नियम अकरा."

"उतरवा मग त्यांना."

टेंभुर्णीकरांनी फाईलमधला सहसंचालकांचा शेरा पुढे सरकवला. बाईंनाही गणित माहीत होते.

तीन दिवस टेंभुर्णीकरांनी नियमपुस्तिका वाचली. चौथ्या दिवशी नियम नऊमध्ये त्यांना हवे ते सापडले. एकल उड्डाणात मागील आसनावर नव्वद किलोपर्यंतचा भार ठेवण्यास परवानगी होती. भार पट्ट्याने बांधलेला असावा. भाराने दांड्यास स्पर्श करू नये. भार कशाचा असावा, याबाबत नियम मौन होता.

"दाभाडे किती किलोचे?" बाईंनी विचारले.

"वर जाताना ब्याऐंशी. आमच्या डब्यावर वाढले नसावेत."

"बोलके आहेत फार."

"ती अट मी घालतो."

एकतीस तारखेला चार वाजता निरोप समारंभ झाला. सगळे गच्चीवर उभे राहिले. बाईंनी भाषणाचे पाच तुकडे केले आणि पाच फेऱ्यांत वाचले. शाल आणि नारळ बांबूने वर दिला. नारळ पंखाला लागून परत आला, तो दुसऱ्या फेरीत स्वीकारला गेला.

"सर, पाच पंचेचाळीसनंतर आपण भार," टेंभुर्णीकरांनी खालून समजावले. "हात मांडीवर. पाय रडरच्या पॅडलवरून काढून. तोंड बंद. तुम्ही एक शब्द बोललात, की ते प्रशिक्षण धरलं जाईल."

फिरून आल्यावर दाभाडे म्हणाले, "किती वेळ?"

"दाखला येईपर्यंत."

त्या फेरीत दाभाड्यांनी शाल नीट पांघरली. नंतरच्या फेरीत त्यांनी पुढे वाकून शलाकाच्या खांद्यावर हात ठेवला. "शलाका, डावीकडे वळताना तू अजून घाई करतेस," ते म्हणाले. तेव्हा पाच त्रेचाळीस झाले होते. हा धडा क्र. चार हजार अठरा म्हणून नोंदवला आहे.

पाच पंचेचाळीसला टेंभुर्णीकरांनी कार्यालयाची घंटा वाजवली.

पहिले वळण घाईचे झाले. डावा पंख जास्त झुकला, नाक घसरले, आणि गच्चीवरचे लोक पटकन खाली वाकले. मागून कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या वळणालाही कोणी बोलले नाही, आणि ते वळण चांगले झाले.

"काका," शलाका डोक्यावरून जाताना म्हणाली. "दांडा हलका लागतोय."

मागे दाभाडे शाल पांघरून, हात मांडीवर ठेवून, समोर पाहत बसले होते. त्यांचे डोळे वाहत होते. भाराच्या डोळ्यांबाबत नियमात काही नव्हते.

टेंभुर्णीकरांनी एकल उड्डाणाच्या दाखल्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी पाठवला. संचालनालयाने नऊ दिवसांत विचारणा केली की, भाराने दांड्यास स्पर्श केला नाही याचा पुरावा सादर करावा. टेंभुर्णीकरांनी शलाकाचा जबाब बांबूवरून घेऊन पाठवला. तिने लिहिले होते की, अकरा वर्षे दांड्यात दुसरा हात जाणवत होता, त्या संध्याकाळी जाणवला नाही. विद्यार्थिनी हितसंबंधित असल्याने जबाब अमान्य झाला. अन्य साक्षीदार असल्यास कळवावे, असे संचालनालयाने लिहिले. घटनास्थळी दुसरे कोणी होते का, तर होते. पण भाराचा जबाब ग्राह्य धरता येत नाही, हेही त्याच पत्रात दोन ओळी खाली नमूद होते.

तीस दिवस उलटले. टेंभुर्णीकरांनी पट उघडून पाहिला. अर्ज प्रलंबित असताना विद्यार्थ्याचे नाव कमी करता येत नाही, असा नियम बावीस आहे. त्यांनी तो बाईंना दाखवला.

"एक खरमरीत स्मरणपत्र पाठवूया का?" बाईंनी विचारले.

"नको," टेंभुर्णीकर म्हणाले. "उगाच कोणीतरी निर्णय घेईल."

डबा अजून दोघांचा जातो. शलाका सकाळ-संध्याकाळ वळते आहे, दोन्ही बाजूंनी. अर्ज प्रलंबित आहे.