हरीभाऊंचं उसनं नाक

शेजारी माणूस विरजण मागायला येतो, घराची किल्ली ठेवायला येतो, फार तर वीज तुमच्याकडेही गेली आहे का ते विचारायला येतो. आमचे शेजारी हरीभाऊ कुत्रा घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, जरा वास घ्या ने."

मी सकाळचा चहा घेऊन ओट्यावर आलेली असते. समोर हरीभाऊ. अंगात बनियन, कमरेला टॉवेल आणि दोन्ही हातांनी कवटाळून धरलेला एक ओला, काळा, भला दांडगा कुत्रा. कुत्र्याचं नाव सरदार. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याइतकीच नाराजी. मी कप बाजूला ठेवते, वाकते, त्याच्या मानेशी एकदा हुंगते आणि निकाल देते, "अजून आहे." हरीभाऊ हुज्जत घालत नाहीत. मुकाट्याने त्याला पुन्हा नळावर नेतात. आत आमचे हे पेपरमागून विचारतात, "पास की नापास?"

आमची वस्ती डहाणूहून तलासरीकडे जाताना रस्ता सोडून आत, चिकूच्या वाड्यांमध्ये आहे. गुजरात जवळ, म्हणून हरीभाऊंच्या बोलण्यात 'ना'चं 'ने' होतं. चिकू पिकून खाली पडायला लागला की उदमांजरं येतात. मांजरापेक्षा थोडं मोठं, लांब शेपटीचं हे जनावर तसं कुणाच्या अध्यातमध्यात नसतं. पडलेला चिकू खातं, बिया टाकतं, निघून जातं. पण सरदारला ते बघवत नाही. त्याचा बाप, आजा शिकारीचे कुत्रे. हरीभाऊंच्या वडिलांबरोबर डोंगरात डुकराच्या मागे जायचे. शिकारीला बंदी आली त्याला जमाना लोटला, फक्त ते सरदारला कुणी सांगितलेलं नाही. तो उदमांजराच्या अंगावर जातो, आणि ते पळता पळता शेपटीखालून असा काही फवारा सोडतं की कुत्रा डोळे मिटून जमिनीवर लोळायला लागतो. तो वास कसा असतो ते मी सांगणार नाही. तुमचं जेवण व्हायचं असेल.

आता, वास घालवण्यात हरीभाऊंचा हात धरणारा कोणी नाही. अडचण एवढीच की त्यांना वास येत नाही. कोरोनाच्या वेळी त्यांना ताप आला, आणि गेला तो नाक बरोबर घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. अजून आलेलं नाही. "पुढे आहे ते फक्त चष्म्यासाठी," असं ते स्वतःच सांगतात. म्हणून नाक माझं. डहाणूच्या मासळीबाजारात मी पापलेटचा कल्ला उचलून खाली वाकले की कोळीण गुपचूप ती पाटी मागे सारते आणि दुसरी पुढे करते, ही गोष्ट त्यांनी कुठून तरी ऐकली होती. माणसाची कीर्ती कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

माझ्या आधी हे काम त्यांच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे होतं. वास गेल्याशिवाय कुत्रा उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा नियमही त्यांचाच. कमरेवर हात ठेवून त्या दारात उभ्या राहायच्या आणि नाक जरासं वर उचलून सांगायच्या, "अजून एक पाणी." दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. नियम तसाच राहिला आणि नाकाची जागा रिकामी झाली. तिथे माझी नेमणूक झाली ती मला न विचारता.

हरीभाऊंकडे पेढ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात कुत्र्यांचा दवाखाना. कापूस, बँडेजच्या गुंडाळ्या, हळदीची पुडी, खोबरेल, चिमटा, पक्कड, आणि कुत्र्याचं तोंड बांधायला परकराची नाडी. डब्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. आणि डब्यातलं काहीही कुत्र्याला लावण्याआधी हरीभाऊ ते स्वतःला लावून बघतात. "आधी मी, मग सरदार," हे त्यांचं वाक्य. "त्याला सांगता येत नाही, आग होते का गार वाटतं. मला येतं. बरोबर ने?"

बरोबर आहे, पण कुठवर? मागे एकदा सरदार साळिंदराच्या नादी लागला आणि नाकाडात काटे घेऊन घरी आला. काटा मुळाशी धरून सरळ ओढायचा, मध्ये मोडायचा नाही, हे हरीभाऊंना वडिलांनी शिकवलेलं. तरी त्यांनी आधी खाली पडलेला एक काटा उचलला, स्वतःच्या दंडात टोचला आणि पक्कडीने ओढून बघितला. मग समाधानाने मान हलवली आणि सरदारचं तोंड बांधलं. सरदारचे काटे निघाले, तो दोन दिवसांत हिंडायला लागला. हरीभाऊंचा दंड पिकला. त्यांना मात्र माणसांच्या दवाखान्यात जावं लागलं, आणि तिथे कुणाचाही त्यांच्या खुलाशावर विश्वास बसला नाही.

वासावरच्या उपायांचं तर विचारू नका. किनाऱ्यावरच्या आगर गावातल्या मासळीवाल्या बायका हाताचा बोंबलाचा वास चिंच आणि बेसन लावून घालवतात, म्हणून त्यांनी सरदारला चिंचेच्या कोळात न्हाऊ घातलं आणि वरून बेसन चोळलं. तो उन्हात बसल्यावर बेसन वाळलं आणि वस्तीतली झाडून सगळी कुत्री त्याला चाटायला जमली. मग कुणीतरी सांगितलं, टोमॅटो. हरीभाऊ हायवेवर अच्छाडला गेले आणि ओळखीच्या ढाब्यावरून सॉसचा अख्खा कॅन घेऊन आले. आधी स्वतःच्या हाताला लावला, वाट बघितली, काही झालं नाही. मग सरदारला लावला. मी हुंगलं.

"कसं काय?" त्यांनी विचारलं.

"आधी नुसता घाण वास होता. आता घाण वासाचा समोसा झालाय."

"म्हणजे थोडा फरक आहे ने," ते म्हणाले.

शेवटी तलासरीला जनावरांच्या डॉक्टरांनी खरा उपाय सांगितला. मेडिकलमध्ये मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण, तिन्ही एकत्र करून, डोळे सांभाळून लावायचं आणि धुऊन टाकायचं. लागेल तेव्हाच करायचं, भरून ठेवायचं नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. पण तोवर हरीभाऊ बाहेर पडून रिक्षात बसले होते. घरी येऊन त्यांनी ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि वेळेला हाताशी असावं म्हणून फळीवर ठेवलं. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात असा बार उडाला की आमचे हे पेपर टाकून उठले. कुणाला इजा झाली नाही. छताला फेस लागला होता, एवढंच. दुसऱ्या वेळी त्यांनी ताजं केलं, पण आधी मी, मग सरदार. नाकाशी वास येतो का बघू म्हणून त्यांनी ते मिशीला लावलं आणि विसरले. कलप लावलेली काळी कुळकुळीत मिशी एका बाजूने तांबडी झाली. सरदारच्या पाठीवरही तसाच पट्टा उठला. महिनाभर दोघं तसेच वाडीत हिंडत होते आणि कुणी विचारलं तर हरीभाऊ गंभीरपणे म्हणत, "औषध चाललंय."

हे सगळं मी इतक्या तटस्थपणे सांगते, कारण मी तटस्थच होते. शेजाऱ्याच्या भानगडीत नाकापलीकडे काही घालायचं नाही, असं माझं धोरण.

या थंडीत मात्र एक वेगळीच गोष्ट झाली. सरदारच्या अंगावर पुन्हा फवारा उडाला. मला त्या दिवशी बोलावणं आलं, मी दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा पास केलं. तरी वास जाईना. सरदार स्वच्छ, आणि वास मात्र आमच्या खिडकीतून सरळ आत. शोध घेतला तर कुंपणापलीकडे, हरीभाऊंच्या दोरीवर एक गोधडी वाळत घातलेली. वास तिला होता. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रोज सकाळी हरीभाऊ ती उन्हात घालत, संध्याकाळी घडी करून आत नेत. धूत मात्र नव्हते. डबाभर औषधं बाळगणारा माणूस, कुत्र्याला चार-चार पाणी घालणारा माणूस, आणि एक गोधडी धुवायला कंटाळतो, याचा मला भयंकर राग आला. चौथ्या दिवशी मी चप्पल घातली आणि कुंपणाला वळसा घालून त्यांच्या ओट्यावर गेले.

"हरीभाऊ, ती गोधडी धुवा तरी, नाहीतर फेकून तरी द्या. आमच्याकडे जेवण जात नाहीये."

ते खुर्चीतून उठले. "बसा ताई," म्हणाले. मी बसले नाही.

"दार उघडं राहिलं माझं," ते म्हणाले. "सरदार तसाच आत गेला आणि हिच्या खाटेवर झोपला. ही गोधडी हिची आहे. हिनेच शिवलेली, हिच्याच साड्यांची. शेवटपर्यंत हीच पांघरायची. ती गेल्यापासून मी धुतली नाही."

मी वळून दोरीकडे पाहिलं.

"लोक सांगतात ने, कपड्यात माणसाचा वास राहतो. म्हणून ठेवली. पण मला कुठे कळतंय? दोन वर्षं ठेवलीय, आणि आत काही आहे का नाही, ते मला माहीतच नाही." त्यांनी दोरीवरून गोधडी काढून हातावर घेतली. "तुम्हाला विचारणार होतो. रोज निघायचो, पण कसं विचारायचं? कुत्र्याचं वेगळं असतं. हिचं काही नसेलच त्यात, तर आज धुऊन टाकतो. असेल तर धुतली की गेलं. तुम्ही बघता का एकदा?"

इतकी वर्षं या माणसाकडे मी करमणूक म्हणून बघत आले होते. मी गोधडी घेतली, तिच्या मऊ झालेल्या काठात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. सुमनवहिनी मला चांगल्या आठवत होत्या. खोबरेल, कपाटातला कापूर, जरासा विड्याचा वास. त्यातलं काही सापडतं का ते मी मनापासून शोधलं. आतल्या बाजूला पाहिलं, शिवणीत पाहिलं. नव्हतं. घाण वास उन्हाने बराच उतरला होता आणि त्याच्या खाली दुसराच एक वास होता, स्पष्ट.

"काय येतो?" हरीभाऊंनी विचारलं.

"भाताचा," मी म्हटलं. "नव्या तांदळाच्या भाताचा. झाकण काढल्यावर येतो तसा."

उदमांजराचा वास उतरत आला की शेवटी असाच भातासारखा राहतो. आमच्याकडे वाडीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, आणि मला ते हरीभाऊंनीच कधीतरी सांगितलं होतं.

हरीभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गोधडी माझ्या हातातून घेतली, काठ जुळवून नीट घडी घातली आणि छातीशी धरली.

"संध्याकाळी हिच्या हाताला यायचा," ते म्हणाले. "भाताचाच."

"हो," मी म्हटलं.

"मग नको ने धुवायला?"

"नको," मी म्हटलं, आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.