डीपी नावाची माझी सवत

आमचे हे रोज दिवेलागणीला निघायचे आणि गावाबाहेरच्या डीपीच्या कुंपणापाशी डोळे मिटून, मान तिरकी करून उभे राहायचे. देवळात इतक्या भक्तीनं उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. नव्वदीच्या दशकात मी लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारीण म्हणाली, "बये, तुला सवत हाये. लोखंडाची."

लग्नाआधी यांनी नारायणगावात मोटारी भरायच्या दुकानात काम केलेलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम. तिथंच हे वेड लागलं. जेवायला बसले की विषय तिचाच.

"आत दोन गुंडाळ्या, मधी लोखंड. एक दुसरीला शिवत न्हाई, तरी हिची वीज तिच्यात जाते."

"सासू-सुनेसारखं," मी म्हणायची. "न बोलता सगळं पोचतं."

हे हसायचे नाहीत. "मोटारी वाढल्या का तारा तापत्यात. लोड दुप्पट, तर ताप चौपट. तेवढी वीज वाया. आन् कुणी काय मागत नसलं तरी लोखंड गुणगुणत ऱ्हातं. नुसतं जागं राह्यला बी वीज लागते तिला."

'तिला' म्हणताना आवाज असा मऊ व्हायचा की माझी भाकरी जाड पडायची.

मला ताप आला तर, "गोळी घे आन् पड." ती तापली की यांना घास उतरत नसे. मला कधी गजरा आणला नाही, पण तिच्या कुंपणाभोवतीचं गवत कापून यायचे आणि घाम पुसत म्हणायचे, "वारं लागलं पायजे गं तिला."

मग मीही कंबर कसली. एका संध्याकाळी लग्नातला पोपटी शालू, होते नव्हते ते दागिने आणि अर्धा डबा पावडर अशी दारात उभी राहिले. जत्रेतल्या सजवलेल्या बैलासारखी दिसत असणार. नातीला तो शालू दाखवताना अजून मला हसू येतं.

"कशी दिसते?"

यांनी मान तिरकी केली. मी लाजले.

"थांब जरा. दिवा बारीक झालाय. लई लोड आलाय तिच्यावर." आणि चपला घालून गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी घोडेगावला, माहेरी. निघताना म्हटलं, "आता तिच्याच हातचं खावा."

न्यायला आल्याशिवाय जायचं नाही, असा माझा तोरा. कुणी आलं नाही. आईच्या घरी भाकरीच्या वेळी दिवा काजव्यासारखा मिणमिणायचा.

"आई, दिवा असा का गं?"

"या टायमाला सगळीकडं असाच. समद्यांच्या मोटारी चालू असत्यात."

"आमचं घर तर लाइनीच्या पार शेवटाला," मी फुशारकी मारली, "पण मी चुलीपाशी बसले की दिवा लख्ख. माझा पायगुणच तसा."

शेवटी राग शिळा झाला आणि मी न बोलावता परतले. दिवेलागणीला पिंपरीत उतरले. वाटेत डीपी लागली. कुंपणापाशी कुणीच नव्हतं. ती एकटीच गुणगुणत होती. आम्ही दोघी जराशा एकमेकींकडं बघत राहिलो.

घरी हे मिणमिणत्या दिव्याखाली चुरमुरे खात बसलेले.

"आज तिच्याकडं गेला न्हाईत?"

"कशाला? आवाजावरनं कळतं किती मोटारी चालू हायेत. मग विहिरी-विहिरीला जाऊन हात जोडायचे, भाऊ, हिच्या भाकरी व्हईस्तवर मोटार बंद ठेवा. आता चुलीपाशी कोण व्हतं?"

मी माझ्या गुणी पायांकडं बघितलं.

"मग न्यायला का न्हाई आलात?"

"तापली व्हतीस. म्हटलं, निवू दे." चुरमुऱ्यातला खडा शोधल्यासारखं करत ते म्हणाले, "रिकामं घर बी गुणगुणतं बघ. झोप लागत न्हाई."

मी पदर खोचला, परात ओढली.

"जावा," म्हटलं, "जाऊन या तिच्याकडं. भाकरी थापायच्यात."

चपला वाजत लांब गेल्या. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि दिवा हळूहळू पांढरा होत गेला. ती भाकरी करपली. मी दिव्याकडं बघत होते.