गावंडे काकांचा मुरलेला आवाज

गाणं लावायच्या आधी गावंडे काका दहा मिनिटं काहीच लावत नाहीत, आणि ते ऐकतात.

म्हणजे असं, की अँप्लिफायर चालू करायचा, आवाजाचं बटण निम्म्यावर आणायचं, आणि गाणं मात्र लावायचं नाही. मग दोन्ही स्पीकरसमोर खुर्चीत डोळे मिटून बसायचं. याला ते ‘कोरं ऐकणं’ म्हणतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मलाही शेजारी बसवलं. पाच मिनिटं झाली तरी काही वाजेना, तेव्हा मी भीतभीत विचारलं, “काका, लाइट गेली का?”

“चूप ना बाप्पा!” डोळे न उघडता ते म्हणाले. “आयकू येऊन राहिलं का? हूंऽऽ. कोनाचा तरी फ्रिज हाये.”

खरंच होता. वरच्या मजल्यावरचा, आमचा.

अमरावतीला राजापेठेत आमची तीन मजली इमारत आहे. काका-काकू तळमजल्यावर आणि मी बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. बाहेरच्या खोलीत मी गणिताचा क्लास घेतो, म्हणून सगळी इमारत मला ‘सर’ म्हणते. काका मूळचे हिवरखेडचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण नोकरी जमीन मोजणीची. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजून दिले. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःची बैठक मोजायला घेतली. भिंतीपासून स्पीकर किती, एका स्पीकरपासून दुसरा किती, दोघांपासून खुर्ची किती, सगळ्याच्या फरशीवर तेलरंगाच्या खुणा. झाडताना कामवाल्या बाईंनी स्पीकर बोटभर सरकवला, तर काका दारातूनच ओरडतात, “धुरा कोनं कोरला?”

त्यांच्याकडे नवी अशी एकही वस्तू नाही. अँप्लिफायर परतवाड्याच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला. स्पीकर यवतमाळच्या एका वकिलांचे, ज्यांच्या सुनेला ते दिवाणखान्यात नको होते. एक वस्तू आली की आधीची तिच्यापुढे फिकी वाटायला लागते, मग ती बदलायची. ती बदलली की तिसरी लंगडी पडते. असं हे चक्र वर्षानुवर्षं चालू आहे.

“पण नवीनच का घेत नाही, काका?” मी एकदा विचारलं.

“नवीन म्हंजे कैरी, सर. कोनाच्या तरी घरी पंधरा-वीस वर्सं मुरला पाह्यजे आवाज. मंग खावा.”

माझ्याकडचा हातात मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर मी त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवला होता. त्यांनी तो कानाशी धरला, उलटासुलटा केला आणि परत देत म्हणाले, “साबनाच्या वडीच्या मानानं बराच वाजते.”

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी ते मला अकोल्याला घेऊन गेले. तिथल्या बाजारातल्या एका बोळात रफिकभाईंचं जुन्या सामानाचं दुकान आहे. रेडिओ, टेप, पंखे, मिक्सर असं सगळं छतापर्यंत रचलेलं. रफिकभाईंनी काकांसाठी एक कॅसेट डेक आणि एक इक्वलायझर बाजूला काढून ठेवला होता. इक्वलायझर म्हणजे समोर खालीवर सरकणाऱ्या दहा पट्ट्यांचा डबा. डावीकडच्या पट्ट्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या.

मला नवल वाटलं. कारण इक्वलायझर म्हटलं की काका नाक मुरडत. कलाकारानं शिजवलेल्या भाजीत आपण वरून साखर टाकावी तसं ते, असं त्यांचं मत मी दहा वेळा ऐकलं होतं.

“काका, बारीक आवाज बहुत तेज है इसका,” रफिकभाईंनीच सावध केलं. “कान में सुई चुभती है.”

“मले तेच पाह्यजे,” काका म्हणाले.

परतीच्या एस.टी.त इक्वलायझर काकांच्या मांडीवर आणि डेक माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरला गर्दी चढली तेव्हा एका बाईंनी विचारलं, “काय हाये हो डब्ब्यात?”

“पाव्हना हाये,” काका म्हणाले. “धक्का नका लावू, दमलेला हाये.”

रफिकभाईंनी डेकसोबत एक कॅसेट फुकट दिली होती, कुठल्याशा गावच्या भजनी मंडळाची. लेबल पुसलेलं. दुसऱ्या दिवसापासून तीच वाजायला लागली, आणि इमारतीचे हाल सुरू झाले.

काकांच्या गाण्यांचा आवाज पूर्वी कधी कुणाला टोचला नव्हता. मोठा असला तरी गोल असायचा. आता मात्र तळमजल्यावरून कुणी स्टीलची ताटं जिन्यावरून सोडून द्यावीत तसा किणकिणाट वर यायचा. माझे विद्यार्थी त्रिकोणमिती सोडून ताल धरायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे वकिलांनी सभा बोलावली आणि दहा मिनिटांत ठराव केला की सिस्टिम बंद व्हावी, नाहीतर तक्रार करू. काकांचा माझ्यावर जीव आहे म्हणून निरोप्या मलाच नेमलं.

संध्याकाळी पाचला खाली गेलो. कॅसेट जोरात चालू. इक्वलायझरच्या उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या पार वर. दिवाणावर विमलकाकू मेथी निवडत होत्या. आणि खुर्चीत, खुणेवर, काका डोळे मिटून बसलेले. त्यांच्या दोन्ही कानांत कापूस होता.

मला पाहून त्यांनी टेप बंद केला. “चहा टाकतो,” म्हणत ते आत गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं आणि हळू बोलल्यासारखं, पण चांगलं खणखणीत, म्हणाल्या, “सर, तुमी सांगाले आले, मले समजते. लोकाईले तरास होते. पन काय करू? याईचे कान गेले.”

“काकांचे?”

“हाव ना. दोन वर्सं झाले. काईबी सांगतलं तं ‘काय?’ म्हंते. वरडून दोनदा सांगा लागते. म्हून मलेबी मोठ्यानं बोलाची सवय लागली. कानात दवा टाकून कापूस ठेवते. पन त्याईले बोलू नका सर. आवाजाचा मानूस हाये, मनाले लावून घेईन.”

ज्या माणसाने वरच्या मजल्यावरचा माझा फ्रिज ओळखला होता, त्याचे कान गेले?

चहा झाल्यावर काका मला सोडायला जिन्यापर्यंत आले. कापूस काढून त्यांनी खिशात ठेवला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “तिनं सांगतलं ना तुमाले, माह्ये कान गेले म्हून?”

“हो.”

“तिचे गेले हायेत, सर.”

ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले. मीही बसलो.

“पह्यले पाखरं गेले. मंग फोनची घंटी. मंग पोरीचा आवाज. पोरगी फोनवर बोले अन् हे नुसती ‘हाव, हाव’ करे. हिची माय, माही सासू, बयरी होती. गावात पोट्टे त्या बुढीच्या मांगं तोंड हलवत फिरत, आवाज न काढता. हे लहान होती, सारं पाह्यलं तिनं. आमचं लग्न झालं तवापासून सांगून राहिली, माह्यं काईबी होवो, पन तसं नको होवो. आता मी तिले कसा सांगू, बाई तुह्ये कान गेले म्हून?”

“म्हणून तुम्ही...”

“म्या म्हटलं, माह्येच गेले. मले काय फरक पडते? लोकाईच्या हिशेबानं मी तं तसाबी येडा-बयाड हावो.” ते हसले. “अन् तिले जेवढं आयकू येते तेवढा आवाज लावाले आपल्याले कारन पाह्यजे ना. पन खरं सांगू, त्या डब्ब्याचा आवाज मले सहन होत नाही. काचा चावल्यावानी लागते.”

“कानाचं मशीन मिळतं काका. आता फार चांगली आलीत.”

“मालूम हाये. आनतो. पन आदी माह्यासाठी आनीन. मी लावून फिरीन चार महिने बजारात. कोनी हासलं नाही हे तिनं पाह्यलं, का मंग म्हनीन, तू पाह्य तं लावून, कसं वाटते.”

वर गेलो तर देशपांडे वकील दारातच उभे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा वकिलाशी खोटं बोललो. म्हणालो, “काकांना कमी ऐकू येतं हो.” वकील एकदम ओशाळले. ठराव तिथल्या तिथे बदलला. पाच ते सहा काकांनी हवा तेवढा आवाज करावा, बाकी वेळ बेताने. त्या तासात मी क्लास घेईनासा झालो.

यातून एक नवीनच गंमत झाली. इमारतीतला प्रत्येक माणूस काकांशी ओरडून बोलायला लागला. सकाळी दूध आणताना चारही बाजूंनी “नमस्कार काकाऽऽ!” असा गजर व्हायचा. काका प्रत्येकाला थांबून, कानामागे हात धरून “काय म्हनलं?” विचारायचे. देशपांडे वकिलांना तर तीन-तीनदा. त्यात त्यांना थोडी मजाही येत असावी, असा माझा संशय आहे.

होळीच्या सुमारास रफिकभाईंचा निरोप आला. बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरांची एक जुनी जोडी त्यांच्याकडे आली होती. काका एकटेच जाऊन घेऊन आले. दिवसभर फीतपट्टी, गुण्या आणि डाग द्यायची कथलाची तार घेऊन खटपट केली आणि पाचला मला हाक मारली.

काकू आत पोळ्या लाटत होत्या. काकांनी कोरं ऐकलं नाही, इक्वलायझरच्या पट्ट्या मधोमध आणल्या आणि तीच भजनाची कॅसेट लावली. आवाज मोठा होता, पण टोचत नव्हता. पेटी, मृदंग, मागे म्हणणारी माणसं, सगळं आपापल्या जागी.

दुसरं भजन सुरू झालं आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पिठाने भरलेले. मान थोडी वाकडी करून त्या ऐकत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे मंजिरे पह्यले नोते यात.”

काकांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. मंजिरे, ते किणकिणणारे छोटे टाळ, पहिल्या दिवसापासून होते, त्यांनीच तर इमारत उठवली होती.

“नोते,” काका म्हणाले. “आजच आनले, अकोल्याहून.”

“चांगले हायेत,” काकू म्हणाल्या, आणि ती बाजू संपेपर्यंत पिठाचे हात तसेच धरून दारात उभ्या राहिल्या. आत तव्यावरची पोळी करपली. वास आम्हा तिघांनाही आला, पण उठलं कुणीच नाही.