बशीरभाईंचा एक पॉइंट

लिफ्ट डोळ्यांदेखत निघून गेली की बहरैनच्या गुदैबिया भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं शिव्या घालतात. शेजारचे बशीरभाई एक बोट वर करतात. "चुकली. पण एक पॉइंट!"

भाई मूळ रत्नागिरीचे, इथे हिद्द भागातल्या एका गोदामात क्लार्क. ओळख करून देताना मात्र "बहरैनमधला सुरुवातीच्या काळातला फुटबॉलर" असंच सांगणार. फुटबॉल म्हणजे आपला नेहमीचा नव्हे हं! ऑस्ट्रेलियन लोकांचा, लांबट चेंडूचा, हात-पाय दोन्ही चालणारा.

तीस वर्षांपूर्वी गोदामाच्या ऑस्ट्रेलियन साहेबाच्या संघात एक गडी कमी पडला आणि साहेबाने काउंटरवरून बशीरभाईंना उचललं. भाई इस्त्रीच्या पँटमध्ये खेळले. चेंडू एकदाच वाट्याला आला. त्या खेळात मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा पॉइंट, नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक. भाईंचा बाजूने गेला. एवढीच कारकीर्द. खलास!

"आपल्याकडे चुकलं की शून्य," भाई म्हणतात. "त्यांनी बघ, चुकणाऱ्याचापण विचार केलाय."

ही कथा दरवेळी वाढते. वारा जोराचा होतो, खांब लांब जातात. माझ्या बायकोचा मोदक फुटला, एक पॉइंट. माझं प्रमोशन हुकलं तेव्हा तर जिन्यात चारचौघांत बोट वर! असा संताप आला होता म्हणून सांगू!

यंदा भाई रिटायर होऊन कायमचे गावी निघाले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लंडनचा मुलगा सहा वर्षांनी इथे ईदला येणार होता. भाईंनी नवी गादी आणली, साहेबाने दिलेल्या जुन्या चेंडूत हवा भरली. "पोराला एकदा किक मारून दाखवायचीय. त्याने कधी बघितलीच नाही रे."

ईदच्या सकाळी मी मुबारक म्हणायला गेलो. टेबलावर शीरखुर्म्याच्या दोन वाट्या, शेजारी चेंडू. भाई फोनकडे बघत बसलेले.

"नाही येत म्हणाला. 'सॉरी अब्बा, नो लीव्ह.'"

मी बोट वर जायची वाट बघत राहिलो. भाईंचा हात मांडीवरच होता.

मग मीच बोट वर केलं. "फोन तरी केला ना, भाई? एक पॉइंट."

भाई हसायला गेले आणि रडले. बाहीने डोळे पुसून दुसरी वाटी माझ्याकडे सरकवली.

"खा पटकन. मग खाली पार्किंगमध्ये ये. तू तरी बघ."