पोटाला अटक

"मी भल्याभल्यांना आत घातलंय, हे पोट काय चीज आहे!" सार्जंट मालाकींनी पोटावर थाप मारून भर ठाण्यात जाहीर केलं.

तसं कारणच घडलं होतं. राजधानी आपियाहून हुकूम आला होता, पोलिसांची तब्येत सुधारा! शनिवारी सगळ्यांचं वजन होणार आणि मालाकींचं उतरलं नाही, तर परेडच्या बँडपुढे फिरवायची त्यांची चांदीची काठी हवालदार लोसाकडे जाणार. ती काठी म्हणजे मालाकींचा जीव की प्राण! बिचारे महिनाभर नुसत्या पपईवर होते.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा हात फिरवायचा म्हणून त्यांनी अख्खं ठाणं पळायला काढलं.

"साहेब, पुढच्या गावात प्रार्थनेची वेळ होईल," लोसा म्हणाली. "शंख वाजला की रस्त्यावर चिटपाखरूही हलत नाही. सापडलो तर दंड!"

"शंख वाजायच्या आत गाव पार! मी पुढे आहे ना!"

ते पुढे होते हीच तर पंचाईत होती! साहेबांना मागे टाकायची कुणाची छाती? साहेब गोगलगायीसारखे निघाले आणि मागे सगळं ठाणं गोगलगाय झालं. ऐन गावाच्या मधोमध शंख वाजला. पहाऱ्यावरच्या तरुणांनी वरात धरली ती थेट गावप्रमुख सेउलींच्या दारात नेली.

प्रार्थना आटोपून सेउलींनी विचारलं, "चोर कुठाय?"

"चोर नाही, काका. तब्येतीसाठी पळतोय," मालाकी म्हणाले.

"म्हणजे पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, तरी पळताय? आणि तेही प्रार्थनेच्या वेळी? पोलीस ना रे तुम्ही! एक डुक्कर दंड. उद्या पाठवा!"

"पाठवतो, काका. येऊ आता?"

"येऊ काय? दंड झाला, आता तुम्ही पाहुणे. उपाशी गेलात तर गावाचं नाक कापलं जाईल. बसा!"

समोर आले भाजलेले कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, मासे, डब्यातलं मांस. ठाण्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"साहेब, उद्या वजन!" लोसा कुजबुजली.

मालाकी ताठ बसले. "काका, ही पोरं लहान आहेत. त्यांच्या वाटचं मी खातो!"

लोक छातीवर गोळी झेलतात, मालाकींनी पोटावर पंगत झेलली. गावाची अब्रू राखली, ठाण्याची राखली, वर गोडाचा कोकोभात मागून घेतला.

शनिवारी वजन उतरवल्याबद्दल ठाण्याला बक्षिसाची ढाल मिळाली. सगळ्यांचं वजन उतरलं होतं, साहेबांचं तेवढं चढलं होतं. काठी लोसाच्या हातात देताना मालाकींना खरंच रडू आलं. पण गडी हार मानणारा नव्हे! "काठी काय, कुणीही फिरवील," ते डोळे पुसत म्हणाले. "मोठ्या ढोलाला माणूस लागतो माणूस!"

सोमवारी परेड निघाली. पुढे लोसा काठी फिरवत होती.

"फिलोई, तुझा नवरा कुठे दिसत नाही तो?" शेजारणीनं मालाकींच्या बायकोला विचारलं.

"तो काय! एकामागे एक दोन ढोल चाललेत ना? त्यातला मागचा माझा."