अठ्ठेचाळीस कड्या आणि अठ्ठेचाळीस हार

एका जंगलात, बाळांनो, उजेडाचं खातं होतं. हसू नका. जंगलाला खातं नसतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? जिथं दोन जण बसून तिसऱ्याला कामाला लावतात, तिथं खातं असतंच.

त्याचं झालं असं. शेजारच्या जंगलात काचेच्या तारा आल्या. केसाएवढ्या बारीक. त्यातून उजेड पळायचा आणि उजेडाबरोबर निरोप पळायचे. आता शेजाऱ्याकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे नको? आमच्या जंगलात राज्य गवेमहाराजांचं. त्यांनी खुरानं माती उकरली आणि म्हणाले, "आपल्याकडे दुप्पट आणा."

आणल्या दुप्पट. सगळ्या तारा एका जुन्या वडाच्या ढोलीत येऊन मिळाल्या. ढोलीत एक लोखंडी पेटी. पेटीला अठ्ठेचाळीस भोकं आणि प्रत्येक भोकात बोटाएवढी एक कांडी खुपसलेली. तार कांडीत, कांडी पेटीत. कांडी जागेवर नीट बसली की पेटीवर तिच्या नावाचा हिरवा दिवा लागायचा आणि निरोप आला की तोच दिवा लुकलुकायचा; त्या लुकलुकण्यावरून निरोप वाचायचा.

आता नीट ऐका. मागच्या बाकावरचे, तुम्हीसुद्धा. त्या प्रत्येक कांडीच्या तोंडाशी तारेची एक इवलीशी कडी होती. बादलीला असते ना, तशी. कडी वर असली की आतला खटका कांडीला घट्ट धरून ठेवी. कडी खाली पाडली की खटका सुटे आणि कांडी अलगद बाहेर येई. कांडी बिघडली, तिच्यात धूळ गेली, तर काढून पुसायला नको का? त्यासाठी ती कडी. संपलं शास्त्र.

पण हे एवढंसं शास्त्र अख्ख्या खात्यात एकटीलाच येत होतं. ती म्हणजे चिमाबाई चिचुंद्री. रोज सकाळी ती पेटीवर चढायची, कुठला दिवा मंद झालाय ते बघायची, नखानं कडी पाडायची, कांडी ओढायची, शेपटीच्या टोकानं पुसायची, पुन्हा आत सारायची, खट् वाजलं की कडी वर करायची. चिमाबाईला वास येतो म्हणून खात्याच्या बैठकीला तिला बोलवत नसत. त्यामुळे तिला कामाला भरपूर वेळ मिळे.

खात्याचे मुख्य होते भाऊसाहेब अस्वल. मनानं चांगले हो! कुणाच्या बारशाला, कुणाच्या तेराव्याला, भाऊसाहेब हजर. यंत्राचं मात्र वावडं. एकदा त्यांनी कडी न पाडताच कांडी ओढली होती. कांडी आली नाही, पेटी आली. तेव्हापासून ते पेटीला लांबूनच नमस्कार करीत.

जंगलाच्या वरच्या अंगाला माणसांचं एक धरण होतं. धरण भरलं की माणसं दारं उघडून मोकळी होत. खाली ओढ्याच्या काठी कोण राहतं, याची त्यांना काय पडलीय? म्हणून धरणावर एक टिटवी बसवलेली होती. पूर्वी दारं उघडली की ती नुसती ओरडायची आणि सगळ्या जंगलाला ऐकू जायचं. पण काचेच्या तारा आल्यावर तिला ताकीद मिळाली होती की, आता आरडाओरडा बंद, ते रानटी दिसतं. निरोप काय तो तारेनंच द्यायचा.

त्या वर्षी नवरात्रातही पाऊस हटेना. अष्टमीच्या दिवशी टिटवीचा निरोप आला: "धरण काठोकाठ. उद्या कधीही." चिमाबाईनं तो वाचला, भाऊसाहेबांना सांगितला. भाऊसाहेब म्हणाले, "बरं झालं, यंदा पाण्याची चिंता नाही."

चिमाबाईला होती. तिचं बीळ ओढ्याच्या काठालाच होतं आणि बिळात पाच पिल्लं होती. डोळे उघडून चारच दिवस झालेले. उद्या निरोप आला की लगेच पळायचं आणि पिल्लांना वर काढायचं, असं तिनं ठरवलं. उगीच आधी हलवायची तर बाहेर पाऊस, थंडी, वर घारी.

उद्या म्हणजे खंडेनवमी. आपण त्या दिवशी काय करतो? कोयता, पाटा, शिवणयंत्र, सगळं पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू वाहतो आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही. उजेडाच्या खात्यानं ठरवलं, यंदा पेटीची पूजा दणक्यात करायची. वडाखाली मंडप पडला. गवेमहाराज आले. भाऊसाहेबांनी पीतांबर नेसला. अस्वलाला पीतांबर कसा दिसतो, ते मी सांगणार नाही. तुम्ही रात्री झोपेत हसाल.

झेंडूचे हार परडीत तयार होते. भाऊसाहेब परडी घेऊन ढोलीत डोकावले आणि अडखळले. हार अडकवायचा कुठं? पेटी गुळगुळीत. एवढ्यात त्यांची नजर कड्यांवर गेली आणि त्यांना भरूनच आलं.

"बघा, बघा! करणाऱ्यानं किती विचार केलाय! प्रत्येक कांडीला हारासाठी कडी दिलीय!"

मंडपातले सगळे "वा, वा" म्हणाले. ज्यांनी हार गुंफून आणले, त्यांना तर धन्य धन्य वाटलं.

चिमाबाई मंडपाबाहेर उभी होती. वासामुळे. ती तिथूनच ओरडली, "साहेब, ती हारासाठी नाही! कांडी काढायची कडी आहे ती!"

"काढायची?" भाऊसाहेबांनी जीभ चावली. "चिमाबाई, सणासुदीला काढायचं बोलू नये."

"पण हाराच्या वजनानं कडी खाली येईल. खटका सुटेल. कांडी बाहेर सरकेल."

"झेंडूचं वजन ते काय!"

"माझ्या नखाचं तरी काय आहे, साहेब? तेवढ्यानं पडते की!"

भाऊसाहेबांनी परडीकडे पाहिलं. बाईचं म्हणणं बरोबर होतं, हे त्यांनाही कळलं. पण बरोबर असणं वेगळं आणि परडीत अठ्ठेचाळीस हार असणं वेगळं. त्यांनी पहिला हार उचलला.

अठ्ठेचाळीस कड्यांना अठ्ठेचाळीस हार पडले. पेटी इतकी साजरी दिसली म्हणून सांगू! कुणीतरी आरती सुरू केली. टाळ, झांजा, घंटा. त्या गदारोळात टिक् टिक् असा आवाज कुणाला येणार? एकेक कडी खाली आली. एकेक खटका सुटला. हारांच्या ओझ्यानं कांड्या जराजराशा पुढं सरकल्या आणि हिरवे दिवे विझायला लागले. आधी वरची ओळ, मग मधली.

गवेमहाराजांनी मान वळवली. "भाऊसाहेब, दिवे का हो विझताहेत?"

भाऊसाहेबांना घाम फुटला. पण ते अनुभवी होते. "महाराज, आज अवजारांची सुट्टी ना! वर्षभर बिचारीनं डोळे उघडे ठेवले. आज मिटले."

महाराजांना गहिवरून आलं. सगळ्यांनाच आलं. दोघातिघांनी पेटीला लोटांगण घातलं.

चिमाबाई मात्र एकाच दिव्याकडे बघत होती. तिसरी ओळ, सातवी कांडी. धरणाची तार. तोही दिवा विझला. आता टिटवीनं कितीही निरोप धाडले तरी ते त्या झेंडूपाशी येऊन थांबणार.

ती धावत भाऊसाहेबांच्या पायाशी गेली. "साहेब, सगळे हार राहू द्या. मी फक्त एक काढते. धरणाचा."

"अगं, उत्तरपूजा उद्या सकाळी. तोवर हार हलवायचा नसतो."

"उद्यापर्यंत पाणी थांबेल का?"

"श्रद्धा ठेव."

"श्रद्धा आहे, साहेब. पिल्लंपण आहेत."

भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि पुन्हा टाळ घेतले. त्यांना वाटलं, समजूत पटली.

बाळांनो, चिमाबाई फार भित्री होती. चिचुंद्र्या असतातच. भिंत सोडून चालायची त्यांना सवय नाही. पण ती मंडपाच्या अगदी मधून पळाली. महाराजांच्या पोटाखालून, नैवेद्याच्या ताटावरून. ज्याच्या त्याच्या नाकात वास गेला, जो तो नाक धरून बाजूला झाला आणि तिला आपोआप वाट मिळाली. ती पेटीवर चढली. तिसऱ्या ओळीतला सातवा हार तिच्या दसपट मोठा होता. तिनं तो दातांनी उचलून कडीतून काढला आणि खाली सोडला. कांडी डोक्यानं आत रेटली. खट्. कडी वर केली.

हिरवा दिवा लागला. लागल्या लागल्या लुकलुकायला लागला. टिटवी बिचारी कधीची एकच निरोप धाडत होती: "दारं उघडली. दारं उघडली. दारं उघडली."

"पाणी!" चिमाबाई किंचाळली. "पाणी सोडलं! पळा!"

आरती ऐन रंगात होती. मागचे म्हणाले, वरच्या पट्टीत कोण लावतंय हो, छान लावतंय.

मग ती थांबलीच नाही. काठानं धावत सुटली. वाटेतल्या प्रत्येक बिळाच्या तोंडाशी ओरडत गेली, "पाणी आलं, टेकडीवर चढा!" काठावरचे ससे, खेकडे, बेडूक आधी नाकं मुरडून बाहेर आले, मग वरून येणारा आवाज ऐकून पळत सुटले.

चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? पहिलं पिल्लू आईची पाठ दातांत धरतं. दुसरं पहिल्याची. तिसरं दुसऱ्याची. अशी आगगाडी. आणि एकदा धरलं की धरलं. त्या दातांना कुठली कडीबिडी नसते. आई थांबून चाटते तेव्हाच ती सुटतात.

आई पुढं, पाच मागं, अशी ती काठ चढू लागली. अर्धा काठ चढली आणि पाणी आलं. तांबडं, फेसाळ, झाडंझुडपं घेऊन. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं. दिसेना. चिमाबाईनं मागं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती थांबली असती. तिनं नखं चिखलात रोवली आणि ओढत राहिली. टेकडीवर पोचल्यावर ती थांबली आणि एकेकाला चाटलं. एक, दोन, तीन, चार. चौथ्याच्या पाठीला काहीतरी लोंबत होतं. चिखलाचा गोळा. तिनं चाटला. गोळा शिंकला.

चिमाबाई तिथंच बसली आणि रडली. फार रडली. तुम्हाला रडू येत असेल तर तुम्हीही रडा, मी कुणाला सांगणार नाही.

तिकडं मंडपात पाणी शिरलं. मेलं कुणी नाही. महाराजांच्या गुडघ्यापर्यंत आलं. भाऊसाहेब पीतांबरासकट झाडावर चढले. नैवेद्य वाहून गेला. पेटी उंच ढोलीत होती म्हणून वाचली. दिवस मावळता पाणी ओसरलं, तेव्हा मंडपाच्या जागी नुसता चिखल उरला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी चौकशी बसली. आणि जिला कधी बैठकीला बोलावत नसत, तिला पहिलं बोलावलं.

"चिमाबाई," भाऊसाहेब हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "पाणी येणार, हे तुला कसं कळलं?"

"निरोप आला, साहेब."

"यंत्र तर मिटलेलं होतं."

"मी धरणाची कांडी बसवली."

"हार काढून?"

"हार काढल्याशिवाय कशी बसेल?"

गवेमहाराजांनी मान हलवली. "म्हणजे अठ्ठेचाळीस हार होते तोवर पाणी आलं नाही. एक काढलास आणि आलं."

"महाराज, पाणी आधीच सुटलं होतं. मला फक्त ते कळलं."

"आम्हाला कुठं कळलं होतं? आम्हाला कळलं नाही तोवर सगळं छान चाललं होतं." महाराज कारकुनाकडे वळले. "लिहा."

काठावरचा एक ससा तिथं बसला होता. त्याचं सगळं कुटुंब चिमाबाईच्या ओरडण्यानं वाचलेलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात शेजाऱ्यानं त्याच्या हातात आपट्याचं पान दिलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असं म्हणावं लागलं त्याला, आणि म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

चिमाबाईला खात्यातून काढलं. पूजा भंग केली म्हणून. शिवाय असा ठराव झाला की, पुढच्या वर्षी नवी पेटी आणायची आणि तिच्या कड्या मोठ्या असाव्यात, म्हणजे दोनदोन हार मावतील.

"काही म्हणायचंय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पाचही आहेत, साहेब," चिमाबाई म्हणाली. "बाकी काय लिहायचं ते लिहा."

तिनं टेकडीवर नवं बीळ खणलं. महिनाभरात तिच्या बिळाशेजारी सशानं बीळ खणलं. हवा चांगली आहे म्हणे. मग बेडूक आले. त्यांना उतार मानवत नव्हता म्हणे. रोज सकाळी चिमाबाई बिळाबाहेर येऊन वर धरणाकडे बघते आणि रोज सकाळी सगळी टेकडी काहीतरी निमित्त काढून चिमाबाईकडे बघते.

दिवाळीच्या आधी भाऊसाहेबांनीसुद्धा आपली गुहा टेकडीवर हलवली. अगदी तिच्या बिळाला लागून. वास येतो, म्हणून नाक धरून राहतात. पण राहतात.

तात्पर्य: निरोप आणणाऱ्याला आधी चारचौघांत हाकलून द्यावं आणि मग गुपचूप त्याच्या शेजारी घर बांधावं. म्हणजे श्रद्धाही टिकते आणि आपणही टिकतो.